लस उशिरा येते तेव्हा

जगात उपलब्ध असलेली लस न मिळाल्यामुळे एखादे बालक दगावले, तर दोष कोणाचा? वऱ्हाडात या प्रश्नाचे तयार उत्तर आम्ही अनेकदा ऐकले आहे: "लोक अडाणी आहेत, टोचून घेत नाहीत." मेळघाटातील कोरकू बांधवांविषयी अमरावती-अकोल्याचा सुशिक्षित माणूस हे बिनदिक्कत बोलतो. पण ज्याला लस कोणी देऊच केली नाही, त्याने ती नाकारली असे कसे म्हणावे?

न्यूमोकॉकस जंतूमुळे होणाऱ्या न्यूमोनियाचेच पाहा. त्यावरील बालकांची लस अमेरिकेत २००० साली आली. आपल्या शासकीय लसीकरणात ती २०१७ मध्ये काही राज्यांत सुरू झाली. देशभर पोहोचायला २०२१ साल उजाडले. दरम्यान खाजगी दवाखान्यात ती मिळे, पण एका डोसला काही हजार रुपये पडत. उत्पादन मोजक्या परदेशी कंपन्यांच्या हाती होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वस्त लस २०२० मध्ये आली. शिवाय लस २ ते ८ अंश तापमानात राखावी लागते. वऱ्हाडचा उन्हाळा, जाणारी वीज आणि पावसाळ्यात वाट तुटणारी गावे हेही अडथळेच. लोकांच्या मनात भीती असते, हे खरे. पण ती त्यांच्याच भाषेत बोलून दूर करता येते. किंमत बोलण्याने उतरत नाही.

नव्या लसीची शहानिशा शासनाने करावीच. मात्र शहानिशेला लागणारा वेळ वेगळा आणि उपेक्षेत गेलेला वेळ वेगळा.

त्याच काळात एका रविवारी आम्ही दोन बालकांना स्नानसंस्कार दिला. एकाला ही लस मिळाली होती. दुसऱ्याच्या रोजमजुरी करणाऱ्या पित्याने तिचे नावही ऐकले नव्हते. दोघांच्या मस्तकावर आम्ही एकच पाणी ओतले, आणि त्या भेदाविषयी चकार शब्द काढला नाही. पाप केवळ कृतीने घडत नाही. जे करावयास हवे ते न केल्यानेही घडते.

डिसेंबर २०२० मध्ये, कोरोनाच्या लसींविषयी बोलताना, व्हॅटिकनने गरीब देशांनाही त्या परवडतील अशा रीतीने मिळाव्यात, हे नैतिक कर्तव्य मानले. ते कर्तव्य सरकारांवर आणि कंपन्यांवर ढकलून आपण मोकळे होत नाही. पुढची नवी लस येईल तेव्हा आपल्या लेकराला ती टोचून घरी परतताना एवढे तरी विचारू या: शेजारच्या वस्तीत ती केव्हा पोहोचणार?