बाईची सवड

पातूरचा घाट ओलांडून वाशीमच्या रस्त्याला लागलं की आमचं मेडशी येतं. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या वत्सगुल्माची एक कथा इथल्या प्रत्येक मुलीला शाळेतच सांगायला हवी, असं मला फार दिवसांपासून वाटतं. दहाव्या शतकाच्या सुमारास कनोजच्या दरबारात राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ लिहिली. तिच्यात सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून घर सोडतो. त्याला वळवायला गौरी साहित्यविद्यावधू निर्माण करते. ती त्याच्यामागे देशोदेशी हिंडते, आणि जिथे जाते तिथल्या बायका तिचा पेहराव उचलतात. तिच्या नाचण्या-बोलण्यातून त्या त्या मुलखाची रीत घडत जाते. शेवटी दोघांचं लग्न लागतं ते विदर्भात, वत्सगुल्मात. साहित्याचं लग्न लागलं ते गाव आमच्या जिल्ह्याचं ठिकाण आहे!

याच ग्रंथात राजशेखर सांगतो की पुरुषांसारख्या बायकाही कवी होऊ शकतात, कारण प्रतिभेचा संस्कार आत्म्यावर असतो आणि आत्म्याला स्त्री-पुरुष भेद नाही. आपली बायको अवंतिसुंदरी हिची मतं तो शास्त्रकारांच्या पंक्तीला बसवून देतो. हजार वर्षांपूर्वी एवढं स्वच्छ कुणी लिहून ठेवलं होतं, हे कळलं तेव्हा मी हरखून गेले. पण त्याने उदाहरणं कुणाची दिली आहेत तेही पाहावं. राजकन्या, महामात्यांच्या मुली, गणिका. म्हणजे ज्यांच्या हाताशी दासी होत्या, नाहीतर कला हाच ज्यांचा व्यवसाय होता, अशा बायका. शेतात राबणारी त्या यादीत नाही. प्रतिभेचा प्रश्न तेव्हाच सुटला होता. सवडीचा कुणी काढलाच नव्हता.

त्यानंतरची मोठी गोष्ट घडली तीही आमच्या वऱ्हाडातच. तेराव्या शतकात रिद्धपूर हे महानुभाव पंथाचं केंद्र होतं. महदाइसाही तिथे राहिली. पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांच्या लग्नाच्या सोहळ्यासाठी तिने ‘धवळे’ रचले आणि ती मराठीची आद्य कवयित्री ठरली. पंथाच्या ‘लीळाचरित्र’ या ग्रंथात ती सारखी प्रश्न विचारताना भेटते. मला ती कवयित्री म्हणून आवडतेच, पण प्रश्न विचारणारी म्हणून जास्त जवळची वाटते. या पंथात केशोबासांना संस्कृतात ग्रंथ लिहायचे होते, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. संस्कृतात लिहिलं तर आमच्या म्हाताऱ्या बायका वंचित राहतील, असा त्यांचा मुद्दा होता. मराठी ग्रंथांच्या आरंभीच कुणीतरी ऐकणाऱ्या बाईचा विचार करून भाषा निवडली, याचं मोल आपण अजून पुरतं ओळखलेलं नाही.

मग मधली शतकं जात्यावर गेली. जनाबाई, बहिणाबाई ही संतांची नावं टिकली. बाकीचं सगळं पहाटेच्या दळणाबरोबर ओवीत गेलं, आणि ओवीत नाव असायचं ते भावाचं, लेकाचं, विठ्ठलाचं, गाणारीचं क्वचितच.

१८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापली. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येसाठी शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी बायकांच्या नीतीवर झोड उठवली, आणि ताराबाई पेटून उठल्या. सगळे दोष बाईच्याच माथी का, असा त्यांचा सरळ सवाल. जोतीराव फुले पाठीशी उभे राहिले, पण पुस्तक विस्मरणात गेलं, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणलं. ताराबाईंनी त्यानंतर दुसरं पुस्तक छापल्याचं आढळत नाही. एवढ्या धारेची बाई एका पुस्तकानंतर गप्प होते, हे मला कुठल्याही शोकांतिकेहून जास्त लागतं.

असोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या कविता त्यांच्या मुलामुळे कागदावर आल्या आणि त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तकरूपाने निघाल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर, आणि गाणाऱ्या बाईचं, तिच्या गावाचं नाव ओवीसोबत नोंदवलं. अनाम लोकधन म्हणून जे गौरवलं जात होतं त्याला मालकीण मिळाली.

‘शिकलेली नसूनही किती छान गाते’ हे कौतुक मला म्हणूनच पटत नाही. त्यात गाण्याची वाहवा होते आणि न शिकवल्याचा जाब तसाच राहतो. आमच्याकडच्या तांड्यांवर जुनी बंजारा बाई फेटियावर, म्हणजे घागऱ्यावर, आरसे टाचते तेव्हा पाहा. आरशाभोवती आधी आडवे-उभे धागे ताणून चौकट बसते, मग त्या चौकटीवर गोल टाके फिरतात. शेजारी कवड्यांची ओळ. नक्षी कागदावर नसते, सगळी डोक्यात. ही कला आहे हे सांगायला कुणाची शिफारस नको. पण याच बाईला पुस्तक वाचायची इच्छा असेल, तर तिच्या कशिद्याची स्तुती हे त्याचं उत्तर नव्हे.

सवडीचा प्रश्न सणालाही सुटलेला नाही. भुलाबाईच्या सणाचंच घ्या. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर गाणी म्हणत, झाकल्या डब्यातली खिरापत ओळखत. डबा कानाशी हलवून ‘ओलं का सुकं’ विचारायचं, मग नावांची सरबत्ती. आता सोयाबीन सोंगणीचे दिवसही नेमके हेच. दिवसभर विळा चालवलेली माय रात्री पोरीला गाणं कुठून शिकवणार? टीव्ही-मोबाइलला दोष देणं सोपं आहे. पीक बदललं आणि बाईच्या अंगावरचं काम सरकून सणावर आलं, हे कुणी बोलत नाही. एका आजीला मी म्हटलं, गाणी वहीत उतरवून ठेवा ना. ती म्हणाली, “माय, लिवत बसली तं भाकरी कोन टाकीन?”

महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. पण गावोगावच्या वाचनालयांच्या वेळा बहुधा सकाळ-संध्याकाळच्या, आणि त्या दोन्ही वेळा चुलीच्या. बाई वाचत नाही म्हणण्याआधी हे घड्याळ बदला. सोंगणी-मळणी उरकली की हिवाळ्यात जेवणं झाल्यावर दोन तास वाचनालय उघडं ठेवा, दिवा लावा, जिला वाचता येतं तिने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं आणि महदाइसेसारखं मध्येच अडवून विचारावं. त्या दोन तासांत भांडी घरातल्या पुरुषांनी घासावीत. पहिलं पुस्तक कोणतं, हेही मी ठरवून ठेवलं आहे: ताराबाईंचं. बुलढाणा आपल्यापासून लांब नाही, आणि त्यांची बोली ऐकणारीला परकी वाटणार नाही.