शेवटच्या नळाचा हिशेब

जुलै उजाडला की पुण्यात एकच चौकशी सुरू होते : धरणसाखळीत पाणी किती झालं? पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांची साठवण मिळून साधारण २९ टीएमसी. ती भरत आली आणि मुठेत विसर्ग सुरू झाला की शहर वर्षभरासाठी निर्धास्त होतं. मला हे निर्धास्तपण धोक्याचं वाटतं. धरणात किती पाणी आलं हे आपल्याला रोज कळतं, पण वितरणाच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरात किती पोचलं आणि ते पिण्याजोगं होतं का, हे सहसा कळत नाही.

जानेवारी २०२५ आठवून पाहा. आधीचा पावसाळा भरपूर झाला होता, साठ्याची चिंता नव्हती. तरीही सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी परिसरात गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडू लागले. धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडले, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं, काही दगावले. रुग्णांच्या नमुन्यांत दूषित अन्नपाण्यातून पसरणारा जिवाणू आढळला आणि पाण्याच्या तपासण्या सुरू झाल्या. खडकवासल्याच्या ऐन उशाशी राहणाऱ्या या वस्तीतल्या अनेक घरांत शुद्धीकरण केंद्राचं पाणी येत नव्हतं. येत होतं ते विहिरीचं, नुसतं क्लोरीन टाकलेलं. ही गावं २०१७ आणि २०२१ मध्ये महापालिकेत आली. हद्द एका अधिसूचनेनं वाढते, जलवाहिनीला मात्र वर्षं लागतात, आणि मधल्या काळात माणसं तिथं राहायला आलेली असतात. पालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी आम्ही पुरवू, अशा बिल्डरच्या हमीपत्रावर इमारती उभ्या राहतात. मग टँकर सुरू होतो आणि सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये कायमचा मुक्काम ठोकतो. बोअर आणखी खोल जातात. किती जातात, किती उपसतात, याची पुरती नोंद कुणाकडेच नसते.

पाणी कमी पडतं का? दरडोई १३५ लिटर हा शहरांसाठीचा रूढ निकष आहे. पुणे धरणांतून जे उचलतं त्याची लोकसंख्येनं सरासरी काढली, तर ती या निकषाच्या बरीच वर जाते. सरासरीत मात्र पेठेतली चोवीस तास भरलेली टाकी आणि वाघोलीतला टँकर एकाच ओळीत बसतात. गळतीही त्याच सरासरीत मुरते. महापालिकेच्या समान पाणीपुरवठा योजनेतली मीटरं म्हणूनच मला नव्या धरणापेक्षा मोलाची वाटतात. मीटर म्हटलं की लोकांना बिल आठवतं आणि विरोध होतो. पण मोजल्याशिवाय गळती कुठं आहे हे दाखवता येत नाही, आणि कुणाला कमी मिळतं हेही सिद्ध करता येत नाही.

आणखी पाणी मागताना ते कुणाच्या वाट्याचं आहे, हेही पाहायला हवं. खडकवासल्याच्याच उजव्या कालव्यावर दौंड आणि इंदापूरची शेती आहे. शहराची उचल वाढली की तिकडचं सिंचनाचं आवर्तन आखडतं. बदल्यात प्रक्रिया केलेलं सांडपाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून कालव्यात सोडायचं ठरलं, कामही झालं. पण प्रक्रिया अपुरी राहिली तर आपला मैला त्यांच्या शेतात जातो, आणि उरलेला मुळा-मुठेतून भीमेत, पुढं उजनी धरणात. सांडपाण्याची शुद्धता हा म्हणूनच पाणीपुरवठ्याचाच भाग आहे. तो पर्यावरण विभागाच्या अहवालापुरता ठेवणं हा अन्याय आहे.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी नळानं आणलेलं पाणी शहरातल्या हौदांमध्ये पडे. हौद कोरडा पडला तर सगळ्या पेठेला दिसे. आजची टंचाई बंद पाइपांत आणि खासगी टाक्यांत लपलेली आहे, ती उघड्यावर आणावी लागेल. प्रत्येक प्रभागात किती पाणी सोडलं, किती पोचलं, किती टँकर गेले आणि शेवटच्या नळाच्या नमुन्यात काय आढळलं, हे साखळीच्या आकड्याइतक्याच ठळकपणे दर आठवड्याला छापून यायला हवं. तुमच्या सोसायटीत टँकर येत असेल तर त्याची तारीखवार नोंद आजपासून ठेवा, पाण्याचा नमुना तपासून घ्या, आणि ते दोन्ही कागद घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जा.