मलम आणि मलमपट्टी

'मलम' हा शब्द मराठीत आदराने वापरला जातो. 'मलमपट्टी' हा बहुधा निंदेने. शोकाकुल माणसाला कोणाच्या चार शब्दांनी धीर आला, की त्या शब्दांनी मलमाचे काम केले असे म्हणतात आणि बोलणाऱ्याचा गौरव होतो. उलट शासनाने, संस्थेने किंवा एखाद्या पुढाऱ्याने प्रश्नावर 'मलमपट्टी' केली असे म्हटले, की तो आरोप ठरतो. 'वरवरची' हे विशेषण लिहिले नाही तरी ते ऐकू येते. द्रव्य तेच, वरकरणी हेतूही तोच. अधिक असते ती केवळ पट्टी; आणि पट्टी तर मलम जागच्या जागी राहावे, जखमेवर धूळ-माशी बसू नये म्हणून बांधायची असते. उपयुक्ततेत भर घालणाऱ्या या कापडाच्या तुकड्याने शब्दाची प्रतिष्ठा का घालवावी? कारण पट्टी झाकते. भाषेने तिचे राखणे विसरून झाकणे तेवढे लक्षात ठेवले. या लहानशा अर्थभेदात एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्या दुःखाचे मूळ आज उपटता येत नाही, त्याचा दाह कमी करणे हे कर्तव्य की फसवणूक?

शब्द मुळात परका आहे. अरबीतील 'मरहम' फारसीच्या वाटेने भारतीय भाषांत आला. उर्दूत तो 'मरहम' राहिला, हिंदीत त्याच्या जोडीला 'मलहम'ही आला, आणि मराठीने हकार टाकून 'मलम' केले. संस्कृतात लेप, आलेप, प्रदेह, उपनाह अशा शब्दांची वाण नव्हती. तरी मराठी घरांत राळेचे मलम झाले, राळेचा लेप झाला नाही. पुढे उत्तरकालीन वैद्यकाने या पाहुण्याला सोवळे नेसवले. त्याचे 'मलहर' झाले आणि मल हरण करतो तो मलहर, अशी व्युत्पत्तीही सिद्ध झाली. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ती टिकत नाही. परंतु खोटी व्युत्पत्ती रचणाऱ्याच्या मनातील अपेक्षा मात्र खरी असते. मलम वेदना शमवते, त्वचा मृदू करते, जखम भरून आणते. या सर्व गुणांतून त्या पंडितांनी निवडला तो मल काढून टाकण्याचा गुण. झाकणे तर त्यांच्या मनातही आले नाही.

ही निवड आकस्मिक नव्हती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्रणाचे आलेपन आणि बंधन यांचा विचार अठराव्या अध्यायात एकत्रच केलेला आहे. मलम आणि पट्टी तेथे शेजारी नांदतात आणि दोहोंचीही निंदा नाही. आलेपाला तेथे आद्य उपक्रम म्हटले आहे. आद्य म्हणजे पहिला, एकमेव नव्हे. चिकित्सास्थानात व्रणाचे उपक्रम साठ मोजले आहेत, आणि त्यांत शोधन व रोपण ही दोन वेगळी कार्ये मानली आहेत. शोधन म्हणजे दूषित व्रण स्वच्छ करणे, रोपण म्हणजे तो भरून आणणे. याच ग्रंथात शस्त्रकर्माच्या संदर्भात एक इशारा येतो, आणि प्रस्तुत प्रश्नाची किल्ली त्यात आहे. आत दोष शिल्लक असलेला व्रण घाईने भरून आणू नये. तसा तो भरला, तर थोड्याशा अपथ्यानेही आत पोकळी करून पुन्हा विकार उत्पन्न करतो. 'वरवरची मलमपट्टी' या आधुनिक निंदेत जे सत्य आहे, ते येथे पूर्णपणे आले आहे. फरक एवढाच, की सुश्रुताचा आक्षेप मलमावर नाही. तो घाईवर आणि क्रमभंगावर आहे. त्याच वैद्याने हातातले मलम टाकून दिलेले नाही; शोधनासाठीही त्याला तेले, घृते आणि कल्क लागतातच.

दुसरा एक नियम तितकाच मननीय आहे. लावलेला लेप वाळू लागला की त्याची उपेक्षा करू नये. व्रण दाबून पू बाहेर काढायचा असेल तेवढाच अपवाद. सार्वजनिक जीवनात वाळलेल्या लेपांची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. टंचाईग्रस्त गावात पहिल्या उन्हाळ्यात आलेला पाण्याचा टँकर हा आद्य उपक्रम असतो. पंधराव्या उन्हाळ्यातही तोच येत असेल, तर लेप वाळून कातडीला चिकटला आहे. याच्या उलट, १९७२च्या दुष्काळातील मदतकामे वाळू दिली गेली नाहीत. पोटापुरते काम देण्याची ती तातडीची सोय महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कल्पनेला बळ देऊन गेली, १९७७ साली तिला कायद्याचे रूप मिळाले, आणि २००५ साली देशभरासाठी तशा हमीचा कायदा झाला. दगड फोडणाऱ्या हातांना मिळालेली ती मजुरी त्या वर्षी मलमपट्टीच होती. ती नाकारून मूळ रोगाची चर्चा करीत बसणे कोणाला परवडले असते, हे विचारण्यासारखे आहे.

साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर 'मलमपट्टी' आज रूढ लक्षणा झाली आहे. लक्षणेचे दोन प्रकार काव्यशास्त्राने मानले. एकीत वक्त्याचे काही प्रयोजन असते, दुसरीत केवळ रूढी. कुश कापणारा तो कुशल, हे आज कोणाच्या ध्यानीमनी नसते. 'मलमपट्टी'चेही तसेच झाले. हा शब्द प्रथम ज्याने निंदेसाठी योजला, त्याच्या डोळ्यांपुढे एक जखम असली पाहिजे, तिच्यातील पू असला पाहिजे. आता अग्रलेखात तो येतो तेव्हा जखम दिसत नाही आणि जखमीही दिसत नाही. दिसतो तो फक्त टीकाकाराचा मूलगामीपणा.

मूलगामी टीकेचे खरे रूप पाहायचे तर ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे पाहावे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि १९३६ साली न दिलेल्या भाषणात त्यांनी सहभोजनाने जात जाणार नाही असे निःसंदिग्धपणे मांडले. मिश्रविवाहाचा उपाय सांगितला आणि त्याही खाली जाऊन शास्त्रांच्या प्रामाण्याला हात घातला. आत दोष ठेवून व्रण भरू पाहणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर मिळालेले नाही. मात्र दोन गोष्टी विसरल्या जातात. हे बोलणारा त्या जखमेचा धनी होता. काठावरून तो बोलत नव्हता. आणि त्यानेच १९२४ साली स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह आणि वाचनालय यांसारखी, जातिव्यवस्थेचे मूळ न हलवणारी कामेही अंगावर घेतली होती. ज्याला मुळावर घाव घालायचा होता, त्याला एका मुलाच्या राहण्याजेवणाची सोय क्षुद्र वाटली नाही.

त्याहून अवघड उदाहरण जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचे आहे. ज्याने आपल्या ग्रंथाच्या नावात 'असूड' घातला, त्याला मलमाचा पक्षपाती कोण म्हणेल? विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला होता. मुळाचा उपाय कागदावर तयार होता, आणि तरीही सक्तीच्या वैधव्यात दिवस गेलेल्या स्त्रीपुढे भ्रूणहत्या किंवा आत्महत्या याखेरीज वाट नव्हती. १८६३ साली या दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. तर्काच्या कठोर भाषेत हे गृह म्हणजे शुद्ध मलमपट्टी होते. त्याने केशवपन थांबले नाही, पुनर्विवाह वाढले नाहीत, लपवण्याची सोय झाल्याने समाजाची लाज उलट झाकली गेली, असाही आक्षेप कोणी घेऊ शकला असता. पट्टी झाकते हा आरोप येथे अक्षरशः खरा आहे. पण काय झाकले गेले? एका बाईची अब्रू आणि एका अर्भकाचा श्वास. काशीबाई नावाच्या अशाच एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला फुले दांपत्याने पुढे दत्तक घेतले. तो यशवंत डॉक्टर झाला. १८९७च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ रुग्णांची शुश्रूषा त्याच्या दवाखान्यात होत होती, आणि तेथेच रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईंना प्लेगने गाठले. प्लेगवर तेव्हा हमखास उपाय नव्हता.

तेव्हा मलमपट्टीचा आरोप कोणी करावा, हा प्रश्न ती केव्हा करावी या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो. जखमीने 'मला हे पुरेसे नाही' म्हणणे आणि निरोगी माणसाने त्याच्या वतीने मलम फेकून देणे, यांत नैतिक अंतर आहे. पहिल्यात मागणी आहे. दुसऱ्यात अनेकदा दुसऱ्याच्या वेदनेची जपणूक असते, कारण ती वेदना त्याच्या युक्तिवादाला लागत असते. मराठी समीक्षेतही सांत्वन करणाऱ्या साहित्याला 'मलम' म्हणून हिणवण्याची एक चाल पडून गेली आहे. तिच्यात तथ्य नाही असे नाही. दुखणे विसरायला लावणारे लेखन पुष्कळ आहे. पण वाचकाला रात्र काढायला मदत करणाऱ्या कवितेला त्याच तराजूत टाकणे हा आळस आहे.

मलमाचा दुसरा शत्रू अधिक लाघवी आहे. त्याला मराठीने नेमके नाव दिले आहे: जखम कुरवाळणे. उर्दू गझलेतील प्रियकर मरहम नाकारतो आणि मीठ मागतो; ती काव्यपरंपरेची मिजास आहे आणि काव्यात ती शोभते. समाज आणि व्यक्ती जेव्हा जुन्या जखमा ओल्या ठेवण्यात स्वतःची ओळख शोधू लागतात, तेव्हा शोभा उरत नाही. 'मिलिंदपन्ह' या पाली ग्रंथात राजा मिलिंद नागसेनाला विचारतो, की प्रव्रजितांना शरीर प्रिय नसेल तर ते त्याची एवढी काळजी का घेतात. नागसेन त्याला युद्धातल्या बाणाच्या जखमेची आठवण देतो. तिच्यावर लेप लावला होता, तेल लावले होते, मऊ पट्टी बांधली होती. म्हणून जखम प्रिय होती काय? राजाला नाही म्हणावे लागते. लेप लावणे आणि जखमेवर प्रेम करणे यांतील भेद याहून कमी शब्दांत सांगता येणार नाही. सुश्रुताने लेप केसांच्या उलट दिशेने लावावा असे सांगितले आहे, म्हणजे तो आत मुरतो. कुरवाळणारा हात नेहमी केसांच्या दिशेने फिरतो.

आधुनिक वैद्यकात बऱ्या न होणाऱ्या रोग्याच्या वेदनाशमनाला जो इंग्रजी शब्द आहे, त्याचे मूळ 'पॅलियम' म्हणजे झगा या लॅटिन शब्दात सापडते. तेथेही झाकणेच आले, आणि तेथेही त्या शब्दाला दोष लपवणे आणि दुःख हलके करणे असे दोन्ही अर्थ चिकटले. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले, ते कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णांसाठी. अशा ठिकाणी शोधन नाही, रोपणही नाही. आद्य उपक्रम तोच अखेरचा उपक्रम होतो.

संस्कृतात 'व्रण' म्हणजे जखम. मराठीत प्रामुख्याने ती भरल्यानंतर उरणारी खूण. हा अर्थबदल वाटतो तितका नवा नाही. जखम भरली तरी तिची जागा देह असेतोवर नाहीशी होत नाही म्हणून तिला व्रण म्हणावे, अशी फोड सुश्रुतसंहितेतच आहे. बरे होणे म्हणजे मुळात काही झालेच नव्हते असे होणे, ही कल्पना त्या वैद्याला मान्य नव्हती.

आणि जी जखम भरायचीच नाही, तिचे काय? महाभारताच्या सौप्तिकपर्वात झोपलेल्या द्रौपदीपुत्रांची हत्या करणाऱ्या आणि उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडणाऱ्या अश्वत्थाम्याला कृष्ण तीन हजार वर्षे एकाकी, पू-रक्ताच्या दुर्गंधीसह भटकण्याचा शाप देतो; मस्तकावरचा मणी त्याला पांडवांना द्यावा लागतो. या शिक्षेवर कोणाचा आक्षेप नाही. परंतु तेल मागणारा अश्वत्थामा महाभारतात नाही. तो लोकांनी घडवला. नर्मदा परिक्रमेच्या कथांत तो भेटतो. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या अस्तंबा शिखरावर दिवाळीच्या सुमारास यात्रा भरते, तिथेही तो आहे. कपाळावरच्या जखमेसाठी तो वाटसरूंकडे तेल मागतो. लोकमानसाने त्याचा शाप उठवला नाही, त्याला निर्दोष ठरवले नाही, जखम भरल्याचा चमत्कारही रचला नाही. भागवतात द्रौपदी त्याच्या वधाला विरोध करते तो, पुत्रशोकाने आपण रडतो तशी त्याची आई रडू नये म्हणून. त्याचे कृत्य क्षम्य आहे असे ती म्हणत नाही. तेलाची कथा त्याच वाटेवर आणखी एक पाऊल पुढे गेलेली दिसते. तेल देणारा न्यायाचा निकाल बदलत नाही, आणि त्याला तसे विचारलेलेही नसते. मागणारा ओळखीचा नसतो, अंधारात त्याच्या कपाळावरचे फडके तेवढे दिसते. वाटीतले तेल घेऊन तो निघून जातो आणि पुढच्या वाटसरूकडे पुन्हा तेच मागतो.