टळटळीत दुपारचं भय

मे महिन्यात अकोल्याच्या रस्त्यावर दुपारी साडेबाराला उभं राहिलं, की आपली सावली पायाशी गोळा झालेली दिसते. दुकानांची शटरं अर्धी ओढलेली असतात, आतून कूलरची घरघर येते. लांबून एखादा सायकलवाला दुपट्ट्याने तोंड गुंडाळून येतो. डांबरावर झळा हलत असल्यामुळे तो पाण्यातून चालत आल्यासारखा वाटतो. जवळ आला तरी दिसतात ते फक्त डोळे. ओळखीचा की परका, कळत नाही.

लहानपणी आजी बजावायची, “बारा वाजता चिचेखाली नोको जाऊ रे बापू.” तिच्या गोष्टींतली निम्मी भुतं भर दुपारी निघत. पुढे सिनेमाचं वेड लागलं आणि मी ते विसरलो. भय म्हणजे अंधार, हे डोक्यात पक्कं बसलं.

बसायला कारणही होतं. सुरुवातीला चित्रीकरण उन्हाच्या भरवशावर चाले. ढग आला की काम थांबे. १९२३ साली ‘सिंहगड’साठी बाबूराव पेंटरांनी कृत्रिम दिवे लावले आणि रात्र आपल्या हाताने उभी करता येऊ लागली. अकरा वर्षांनी, जर्मनीला जाऊन आलेल्या शांतारामांनी त्या रात्रीत सत्ता आणून बसवली. ‘अमृतमंथन’ हा प्रभातचा पुण्याच्या नव्या स्टुडिओतला पहिला चित्रपट. राजा बळीची प्रथा बंद करतो म्हणून राजगुरू त्याच्या खुनाचा कट रचतो. लुकलुकत्या उजेडातलं तळघर, त्यात जमलेले चंडिकेचे भक्त, आणि टेलिफोटो भिंगातून अख्खा पडदा व्यापणारा राजगुरूचा डोळा. हिंदी आवृत्तीत तो चंद्रमोहनचा. सत्ता आपल्याला न्याहाळते आहे आणि आपल्याला तिचा पुरता चेहराही दिसत नाही: डिस्टोपियन थरारपटाचं बीज मला त्या एका डोळ्यात दिसतं. फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’ने १९२७ मध्येच वर मालक आणि जमिनीखाली कामगार अशी नगरी बांधली होती, पण मला घाबरवलं ते या डोळ्याने.

मग १९६५ साली गोदारचा ‘अल्फाव्हिल’ आला. संगणकाच्या हुकमतीखालचं भविष्यातलं शहर, पण सेट एकही नाही. त्या काळच्या पॅरिसमधल्याच काचेच्या इमारती, जिने, हॉटेलांचे बोळ राऊल कुतारने संवेदनशील फिल्मवर, रात्री मिळेल त्या उजेडात टिपले. वाईट उद्या वेगळा बांधावा लागत नाही, तो आपल्याच गावात उभा असतो, हे मला तिथं उमगलं. त्यानंतर अमरावतीचा परकोट मी वेगळ्याच नजरेने पाहिला. पेंढाऱ्यांच्या धास्तीने १८०७ मध्ये बांधायला घेतलेली ही दगडी भिंत, तिला मोठे दरवाजे आणि छोट्या खिडक्या. बाहेरच्या उन्हातून खिडकीत शिरलं, की उजेड एकदम तुटतो. डोळे सरावेपर्यंत दोन पावलं कानांच्या भरवशावर टाकायची. दिग्दर्शकाला आणखी काय हवं?

तरी हाही अंधारच. १९७१ च्या ‘टीएचएक्स ११३८’मध्ये जॉर्ज लुकसने कैद्यांना भिंतीच नसलेल्या तुरुंगात ठेवलं. चहूकडे नुसतं पांढरं. अडवणारं काही नाही आणि पळायला दिशा नाही. ते पाहताना कित्येक वर्षांनी आजीची दुपार आठवली.

पण ती अंगावर आली सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये (२००९). त्याला डिस्टोपियन कुणी म्हणणार नाही. त्यातला काळ पुढचा नाही, आपलाच आहे. विदर्भातलं एक गाव. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर अलकाला आपल्या नवऱ्याची, किसनाची, धास्ती बसते. ती पोराला बापाच्या मागावर ठेवते. शेतात दोर असतोच, विहीर असतेच, फवारणीचं औषध असतंच. रोजच्या कामाची प्रत्येक वस्तू आता जीव टांगणीला लावते. वर आभाळ मोकळं, रान उघडं. बाप दिसतो, पोर दिसतं, दोघांमधलं अंतरही दिसतं. काही म्हणता काही झाकलेलं नाही आणि तरी छाती धडधडते. अंधारात आपण विचारतो, तिथं कोण आहे? इथं कोण आहे ते ठाऊक असतं. तो आता काय करील, एवढंच ठाऊक नसतं. मला हे भय कितीतरी जीवघेणं वाटतं, कारण असे किसना मी बांधावर उभे राहिलेले पाहिले आहेत.

म्हणून वऱ्हाडात उद्या कुणी असा थरारपट करायला घेतला, तर त्याने रात्रीची आणि धुराची वाट पाहू नये असं मला मनापासून वाटतं. मे महिन्यात, भर बाराला कॅमेरा लावावा. भिंती पांढऱ्या पडेपर्यंत ऊन आत येऊ द्यावं. रस्ता रिकामा असावा आणि त्यावरून तोंड बांधलेला एकच माणूस चालत यावा. त्याला सावलीत थांबायचं असेल, आणि सगळ्या चौकटीत सावली एकाच जागी असेल, चिंचेखाली.