कुपीतलं रोप आणि देवराईचा नेम

राजगडाच्या पायथ्याचं गुंजवणे आणि भोवतालचा वेल्हे-भोरचा डोंगरी मुलूख हा देवरायांचा मुलूख आहे. वाघजाई, काळकाई, भैरवनाथ यांच्या नावाने राखलेल्या अशा रानांचा माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात अभ्यास केला, आणि आजूबाजूचे डोंगर बोडके झाले तरी देवाचं रान का टिकलं, हे अभ्यासकांपुढे नीट आलं. रान टिकलं ते नेमामुळे. देवाच्या हद्दीतलं वाळकं लाकूडही उचलायचं नाही. फारच नड असेल तर कौल लावायचा. पण नड औषधाची असेल तर? जीव वाचवणं हाही धर्मच आहे. मग रोग्यासाठी देवराईला हात लावावा की नाही, हा प्रश्न भावनेने टाळता येत नाही.

नरक्याने तो प्रश्न अगदी उघडा केला. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या या लहानशा झाडात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य असल्याचं 1972 मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. त्यापासून केलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं आज अंडाशयाच्या आणि आतड्याच्या कॅन्सरवर दिली जातात. द्रव्य लाकडात आणि सालीत असल्याने झाड तोडावं लागतं, आणि महाराष्ट्रातल्या घाटांत ते चोरून, बेसुमार तोडलं गेलं. एका बाजूला कॅन्सरचा रोगी, दुसऱ्या बाजूला बुंध्यातून कापलेलं झाड. या दोघांत निवड करायला लागणं हीच मुळात आपली नामुष्की आहे, आणि ऊतिसंवर्धनाने ती टळू शकते. म्हणून मला हे तंत्र धर्माच्या बाजूचं वाटतं.

तंत्र असं आहे. झाडाचा एखादा कोंब निर्जंतुक करून साखर, क्षार आणि संप्रेरकं घातलेल्या माध्यमावर ठेवला की त्याला फुटवे येतात. प्रत्येक फुटवा वेगळा काढून पुन्हा वाढवता येतो. कृत्रिम बीज ही त्याच्या पुढची पायरी. उतींपासून तयार झालेला भ्रूण किंवा कोंब समुद्रशेवाळापासून काढलेल्या सोडियम अल्जिनेटमध्ये मिसळतात आणि ते मिश्रण थेंबाथेंबाने कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात सोडतात. भोवती मऊ, पारदर्शक आवरण धरतं आणि पेरता येईल असा मणी तयार होतो. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बापट आणि राव यांनी 1988 मध्ये अशा मण्यांपासून चंदनाची रोपं उगवून दाखवली. देवाला ज्याचं गंध लावतो, ते झाड.

श्रद्धावान माणसाचा पहिला आक्षेप असा, की बीजावाचून जन्मलेलं रोप सृष्टिक्रमाच्या बाहेरचं आहे. पण सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधलेली केळ बीजातून आलेली नसते. ती मुनव्यातून येते, तो मुनवाही आधीच्या केळीचाच अंश. हळद गड्ड्यातून वाढते, दूर्वा पेरापेरातून मुळं धरते. आपल्या पूजेतल्या कितीतरी वनस्पती अशा पिढ्यान्‌पिढ्या एकाच देहाचा विस्तार आहेत, आणि कुणाला त्यांचा विटाळ वाटलेला नाही.

वैद्यांचा आक्षेप अधिक वजनदार आहे. औषधीचं वीर्य भूमी आणि ऋतू घडवतात. कुपीतल्या रोपाला यांपैकी काय मिळतं? ही शंका रास्तच आहे, पण रोप आयुष्यभर कुपीत राहत नाही. ते शेडनेटखाली कणखर करून जमिनीत लावतात, आणि भूमिपरीक्षेचे सगळे नियम तिथून लागू होतात. वीर्य उतरलं की नाही, हे प्रत्येक लागवडीत द्रव्य मोजूनच ठरवावं. बाटलीवर विश्वास ठेवू नये, तसा बाटलीवर संशयही धरू नये. शिवाय चरक आणि सुश्रुत दोघांनीही औषधी कुठून घेऊ नये हे सांगताना स्मशान आणि वारूळ यांच्याबरोबर देवस्थानही गणलं आहे. त्यांचं कारण वेगळं असेल, पण देवराईतून औषध काढायला शास्त्राचा आधार आहे असं म्हणणाऱ्याने तो उल्लेख आधी वाचावा.

सगळ्यात अवघड आक्षेप उरतोच: लाखांनी रोपं करता येतात म्हटल्यावर रान राखायचं कशाला? इथे मात्र तडजोड नको. एका झाडापासून केलेली हजार रोपं म्हणजे गुणसूत्रांच्या हिशेबाने तेच एक झाड. एक रोग आला तर सगळी एकदम जातील. देवराईतलं प्रत्येक नरक्याचं झाड बीजातून आलेलं, म्हणून वेगळं. त्याच्यावर पोसलेले कीटक आणि पाखरं, मुळांतली बुरशी, यांतलं काहीही मण्यात भरता येत नाही. म्हणून शेतात लावलेली रोपं तोडलेल्या रानाची भरपाई म्हणून कागदावर दाखवणं हा खोटा हिशेब आहे. रोपांनी बाजाराची भूक भागवावी. रानाच्या जागेवर त्यांचा हक्क नाही.

आणि पहिला कोंब तरी रानातूनच घ्यावा लागतो. तो अनेक झाडांचा, शक्यतो देवराईच्या हद्दीबाहेरून घ्यावा. हद्दीतला घेण्यावाचून इलाज नसेल, तर प्रयोगशाळेने गावाला विचारावं. 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावपातळीवर समित्या नेमायला सांगितलं आहे. समितीचा ठराव घ्यावा आणि कौलही लावावा. कौल नाही मिळाला तर परत फिरावं.