दिलेले रोप कोणाचे?

आमच्या बीडकडच्या खेड्यात शेवंतीचे रोप विकत घेणारा मनुष्य मी अजून पाहिलेला नाही. फुले लोक विकत घेतात. दसऱ्याच्या बाजारात तर घासाघीस करकरून घेतात. पण रोप मात्र मागून न्यावयाचे, असा जणू अलिखित कायदाच आहे. चैत्रात गौरीचे हळदीकुंकू होते, आंब्याची डाळ आणि पन्हे घेऊन झाले की बायका अंगणात रेंगाळतात, आणि निघताना एखादीच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दोन-चार काश्या असतात. काशी म्हणजे शेवंतीच्या बुडाशी जमिनीतून फुटून येणारे कोवळे पिल्लू. फुले संपून जुने दांडे छाटले की अशी पिल्ले भराभर वर येतात. ती मुळांसकट सोडवायची आणि दुसरीकडे लावायची. आम्हांला घरबसल्या काशी घडते, असा विनोद मी दर वर्षी करतो, आणि घरातले कोणीही दर वर्षी हसत नाही.

या साध्या देवघेवीने मला पुष्कळ दिवस एका प्रश्नात गुंतवून ठेवले आहे. काशी दिल्याने देणाऱ्याचे काय जाते? भाकरी दिली तर आपल्या टोपल्यातली एक कमी होते. पैसा दिला तर पिशवी हलकी होते. येथे तर काहीच उणे होत नाही. मग ज्यात गमवावे लागत नाही, त्याला दान म्हणावे काय? गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची आशा न धरता, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेले ते सात्त्विक. तेथे तोलले आहे ते देणाऱ्याचे मन. त्याच्या पदरचे किती गेले, ते नव्हे. एवढ्यावर समाधान मानायला हरकत नव्हती. पण माझ्या ओळखीचे एक गृहस्थ होते. त्यांच्याकडे पांढऱ्याशुभ्र, बशीएवढ्या फुलांची एक शेवंती होती. फुले ते मागाल तितकी देत; काशी मात्र कधी कोणाला दिली नाही. “सगळ्यांच्या दारात झाली, म्हणजे तिच्यात राहिले काय?” असे ते विचारीत. लोक त्यांना कंजूष म्हणत. मला ते तितकेसे पटत नाही. काशी दिल्याने काही जात नाही असे आपण म्हणतो, तेव्हा एक गोष्ट हिशेबात धरीत नाही. ‘हे फक्त माझ्याकडे आहे’ हा आनंद जातो. तो आनंद लहान असेल, थोडा हलकाही असेल. पण तो नसतोच असे कोणी म्हणू नये. ज्याने हौसेने काही जोपासले आहे, त्याला तो ठाऊक असतो.

ही हौस काही आपल्याकडेच आहे असे नाही. प्रिम्युला नावाचे एक फुलांचे कुळ आहे. थंडी सरताच फुलणारी त्याची झाडे आपल्या हिमालयातही पुष्कळ आढळतात. त्यातलीच ऑरिक्युला ही जात एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातले हातमागवाले विणकर वाढवीत. घरची गरिबी, माग चालवून हात थकलेले; पण वसंत आला की कुंड्या घेऊन स्पर्धेला जात, आणि बक्षीस काय, तर तांब्याची किटली! या झाडाचीही गत शेवंतीसारखीच. बी पेरले तर रंग वेगळा निघतो. जसेच्या तसे फूल हवे असेल तर बुडाचे पिल्लूच तोडून लावावे लागते.

आणि खरी गुंतागुंत येथेच आहे. बियापासून आलेले रोप म्हणजे झाडाचे मूल म्हणता येईल. पण काशी ही मूल नव्हे. ते तेच झाड आहे. मी शेजाऱ्याला दिलेली शेवंती त्याच्या अंगणात फुलते, तेव्हा माझीच शेवंती तेथे फुलत असते. मग ते झाड कोणाचे?

२०१६ सालच्या चैत्रात हा प्रश्न माझ्या दाराशी आला. पाऊस सलग दोन वर्षे रुसला होता. शेजारच्या लातूरला त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आमच्याकडे टँकरपुढे घागरींच्या रांगा लागत. मुले शाळेत येत ती रांगेतली जागा धाकट्या भावंडाला सोपवून. अशा दिवसांत फुलझाडाला तांब्याभर पाणी घालावे काय? भांडी विसळलेले पाणी घाला, असे सांगणारे भेटले. पण ते पाणीसुद्धा शेळीला लागत होते. मी पाणी घालणे बंद केले. शेवंती वाळली. त्याचे मला वाईट वाटले. पण चुकले असे अजूनही वाटत नाही. तहानेपुढे फुलाचा हक्क मागे राहतो, आणि राहावा.

पुढल्या वर्षीच्या चैत्रात माझ्या एका विद्यार्थ्याची आई फडक्यात काश्या घेऊन आली. पूर्वी कधी तरी माझ्याच अंगणातून तिने त्या नेल्या होत्या. डोंगराकडेला तिच्या जावेच्या दारात, विहिरीच्या थारोळ्यापाशी त्या तगल्या होत्या. “घ्या गुरुजी, तुमचीच हाय,” ती म्हणाली.

माझी? मी तर तिला मरू दिले होते. माझ्या मनात लगेच दुसरा संशय आला. दिलेले असे परत येत असेल, तर ते दान कसले? ती तर ठेव झाली! शहाण्या माणसाने दहा घरी काश्या वाटून ठेवाव्यात, म्हणजे दुष्काळात एखाद्या घरी तरी झाड वाचते. पण ठेव मागता येते. ही मला मागता आली नसती. ती कोणाकडे जिवंत आहे, हेही मला ठाऊक नव्हते. ज्याच्यावर आपला हक्क चालत नाही आणि तरीही जे आपले म्हणून परत येते, त्याला आपल्या भाषेत नाव नाही. निदान मला तरी सापडलेले नाही.

त्या बाईची गोष्ट आणखी निराळी आहे. नवरा-बायको दोघे मिळून एक कोयता. दिवस लहान होऊ लागले की शेवंतीला कळ्या धरतात, आणि त्याच सुमारास मुकादमाची गाडी गावात येते. कार्तिकात फुले उमलतात तेव्हा ही कारखान्याच्या पट्ट्यात उसाच्या फडात असते. परतते ती गळीत संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी, काश्या सोडवायच्या वेळेला. स्वतःच्या शेवंतीची फुले तिने कितीतरी वर्षांत पाहिलेली नाहीत. तरी आल्या आल्या ती गड्डा उकरते आणि गल्लीत वाटून टाकते.

मी तिला एकदा विचारलेच. एवढ्या विचारांती मला काही मोठे उत्तर अपेक्षित होते. ती म्हणाली, “वाटलं न्हाई तर दाटी होती गुरुजी. मग फूल बारीक येतं.”

यंदा जाण्याच्या आदल्या दिवशी तिने आपली कुंडी माझ्या ओट्यावर आणून ठेवली. कळ्या मुगाएवढ्या झाल्या होत्या. पाणी बेताने घाला, बुडाशी साचू देऊ नका, इतके सांगून ती बिऱ्हाड बांधायला गेली.