बेगमी आणि तवक्कुल



‘बेगमी’ हा शब्द फारसी ‘बे-गम’ मधून मराठीत आला. गम म्हणजे चिंता. चिंतेपासून सुटका ती बेगमी. भाईंदरच्या पश्चिम किनाऱ्यावरील उत्तन, पाली, चौक या गावांत हा अर्थ प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते. त्यापूर्वी कोळी भगिनी बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळवून ठेवतात. समुद्र दोन महिने देणार नाही, हे त्या जाणतात.

आपल्यातील काहींना मात्र साठवण करणे तवक्कुलला बाधक वाटते. पवित्र कुरआनच्या सूरह यूसुफमध्ये हजरत यूसुफ (अ.) यांनी सुकाळाच्या सात वर्षांतील धान्य कणसांतच राखण्यास सांगितले, खाण्यापुरतेच काढण्याची मुभा दिली. ही उधळपट्टी नव्हे, अविश्वासही नव्हे. प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या कुटुंबासाठी वर्षाची शिदोरी राखून ठेवीत, असे हजरत उमर (रजि.) यांच्या कथनावरून बुखारीत नमूद आहे. त्यांच्याहून अधिक तवक्कुल कोणाचा?

१७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. ईदुल फित्र होऊन तीनच दिवस झाले होते. टाळेबंदीने मिळकत आटलेली, उरलेसुरले ईदला खर्चलेले. अशा वेळी दिवे गेले की पाण्याचा पंपही थांबतो. संकट पगाराची तारीख पाहून येत नाही.

“रोजंदारीवरच्या माणसाने साठवायचे कशातून?” हा प्रश्न रास्त आहे. थोडे पण नित्य केलेले कर्म अल्लाहला प्रिय, ही हदीस इथे उपयोगी पडते. रोज भात शिजवताना मूठभर तांदूळ वेगळ्या डब्यात टाका. मूठ ५० ग्रॅमची धरली तर महिन्यात दीड किलो होतो. पुढच्या आठवड्यात पोहे, मग चणे, गूळ, मीठ, काडेपेटी. पाण्याला तर दामही नाही: माणशी दिवसाला तीन लिटर धरले, तर पाच जणांच्या घराला तीन दिवसांसाठी ४५ लिटर; धुतलेले झाकणाचे कॅन पुरेत, पाणी मात्र अधूनमधून बदलावे. मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या आठवडाभराच्या जादा असाव्यात. रेशनकार्ड, आधार प्लास्टिकच्या पिशवीत. जुने आधी वापरावे, नवे मागे ठेवावे. यासाठी व्याजाचे कर्ज मात्र काढू नये. ज्या डब्याने चिंता मिटवायची, त्यानेच नवी चिंता घरात आणू नये.

आणि एक मर्यादा. भाव चढावा म्हणून लोकांची गरज अडवून ठेवणे हा इह्तिकार. हदीसमध्ये तो गुन्हा ठरविला आहे. इतकेच नव्हे, एका वर्षी लोक हलाखीत होते, तेव्हा प्रेषितांनी (स.) कुर्बानीचे मांस तीन दिवसांपलीकडे ठेवण्यास मनाई केली. पुढच्या वर्षी ती उठवली: खा, खाऊ घाला आणि साठवाही. मांस तेच, घरे तीच. बदलली होती ती शेजाऱ्याची अवस्था. साठवणीचा हुकूम शेजाऱ्याच्या चुलीवरून ठरावा, ही बाब मला मदरशात शिकताना जितकी हलवून गेली, तितकीच आजही हलवते. तो शेजारी मुस्लिमच असावा, अशी अट कुठेही नाही.

म्हणून डब्याचे झाकण लावण्यापूर्वी आत एक चिठ्ठी ठेवा. तिच्यावर दोन घरांची नावे लिहा: आपल्या चाळीतील एकट्या राहणाऱ्या वृद्धेचे, आणि ज्या घरी तान्हे मूल आहे त्याचे.